फळीचं पलीकडचं टोक

कवडू मिस्त्रीच्या डाव्या हाताला तीन बोटं होती आणि नव्या मशीनला ती पाच दिसत होती. सगळी भानगड इथून सुरू झाली.

मशीनचं नाव होतं 'राखण'. बल्लारपुरात कवडूच्या घरामागे टिनाची शेड होती, तिच्यात ते येऊन बसलं तेव्हा आजूबाजूची चार माणसं पाहायला जमली. दिसायला साधं लोखंडी टेबल. मधोमध फट, फटीतून वर आलेलं गोल करवतीचं पातं. वर दांडीला दोन काचेचे डोळे आणि बाजूला पाटीएवढा पडदा. कवडूने सवयीने डावा हात टेबलावर टेकवला, तशी पडद्यावर हाताची हिरवी आकृती उमटली. अंगठा, तर्जनी, करंगळी. आणि मध्ये, जिथे बेचाळीस वर्षं नुसती हवा होती, तिथे आणखी दोन बोटं.

त्याने हात हलवला. पाचही बोटं हलली. त्याने मूठ वळली. पाचही वळली.

"बाबा, काय झालं?" प्रणालीने विचारलं. ती त्याची एकुलती लेक. चंद्रपूरला वीज केंद्रात नोकरीला होती आणि हे मशीन तिनेच आणून बसवलं होतं.

"काई नाही. चांगलं हाय मशीन," कवडू म्हणाला आणि हात मागे घेतला.

मधलं बोट त्याने लगेच ओळखलं होतं. प्रणाली सव्वा वर्षाची असताना त्याच बोटाला लोंबकळत चालायला शिकली. अंगणभर फिरायची आणि दमली की बोट तोंडात घालायची. बोट गेलं तेव्हा आठ-दहा दिवस ती त्याच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहून रडत होती. मग विसरली. एवढंसं पोर, कशाला लक्षात ठेवील. त्यानेही कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी कायदा नवीन झाला होता. घरच्या शेडमध्ये उघडं पातं चालवायला बंदी. ज्याला लाकूड कापायचं त्याने राखण घ्यावं आणि पंधरा दिवस चालवून दाखवावं. हात वाचवण्यासाठी मशीनला स्वतःहून थांबावं लागलं की एक थांबा पडायचा. नऊ थांब्यांपर्यंत माफी. दहावा पडला की परवाना नाही आणि शेडला सील.

प्रणालीची अट तीच होती. "दहावा पडला तर तुम्ही माझ्याकडे राहायला यायचं. मग शेडचं नाव काढायचं नाही."

"अन् तुझ्या घरी मी काय करू? गॅलरीत कबुतरं मोजू?"

"मोजा. पण बोटं तरी शिल्लक राहतील."

एकाहत्तराव्या वर्षी माणसाजवळ राहतं तरी काय. बायको सुमन चार वर्षांपूर्वी गेली होती. सकाळी दहाला शेड उघडायची, डोमाची वाट पाहायची, तो आला की चहा घ्यायचा आणि दोघांनी मिळून दोन फळ्या चिरायच्या, एवढ्यावर त्याचा दिवस उभा होता. ते गेलं की पुढचा दिवस कशाला टेकवायचा, हे त्याला ठाऊक नव्हतं.

पहिल्या तीन दिवसांत सहा थांबे पडले. कवडू एकटाच बारक्या पट्ट्या कापत होता. हात पात्यापासून चांगला दूर असायचा, तरी धप् आवाज व्हायचा आणि पातं टेबलाच्या पोटात गडप. मग कंपनीची तंत्रज्ञ आली, अश्लेषा नावाची. पंचविशीची, केस वर बांधलेले, खिशात स्क्रू-ड्रायव्हर.

"आजोबा, डावा हात दाखवा."

"हात दाखवून अवलक्षण व्हाचं."

"ते झालंच आहे. सहा थांबे." ती हसली आणि पडद्याजवळ स्टुलावर बसली.

तिने समजावून सांगितलं ते कवडूला बरंचसं कळलं. आधीची सुरक्षित मशीनं स्पर्शाची वाट पाहायची. पात्यात अगदी सौम्य वीज खेळवलेली असायची. लाकूड ती वीज ओढत नाही, माणसाचं शरीर ओढतं. चामडी पात्याला टेकली की विजेचा तोल बिघडायचा आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत पातं थांबायचं. पण तोवर ओरखडा पडलेलाच असायचा, आणि ओलं लाकूड घातलं की मशीन त्यालाच माणूस समजायचं.

"राखण वाट पाहत नाही," अश्लेषा म्हणाली. "वरचे डोळे तुमचा हात, मनगट, खांदा सगळं पाहतात. पुढच्या पाव सेकंदात हात कुठे असेल ते आधीच मांडतात. हात पात्याकडे जाणार असं दिसलं, की जाण्याआधीच पातं खाली."

"म्हंजे होनारं आधी दिसते त्याले."

"फक्त पाव सेकंदाचं. आता तुमची अडचण बघा. हे लाखो हात पाहून शिकलंय. काम करताना बोटं कधी फळीआड जातात, कधी भुशात बुडतात. जे दिसत नाही ते मशीन मनाने भरून काढतं. तुमची दोन बोटं त्याला दिसली नाहीत. त्याला वाटलं, फळीखाली असतील, पात्याजवळ. म्हणून थांबलं."

कवडूने हात पालथा करून पाहिला. "नसलेल्या बोटांसाठी थांबून राह्यलं हे."

"हो. मी तुमच्या हाताची नोंद करते. मग ती दोन बोटं काढून टाकता येतील." तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि थांबली. "काढू ना?"

पडद्यावर हिरवा हात तसाच होता, धडधाकट, एकोणतीस वर्षांच्या माणसाचा असावा तसा.

"चित्रात राहू दिले तं चालते का?"

पोरगी समजूतदार निघाली. "हिशोबातून काढते, चित्रात ठेवते. फिक्या रेषेने."

त्यानंतर दोन दिवस मशीन मुकाट चाललं. कवडूला हुरूप आला. प्रणालीसाठी दिवाण करायचा बेत त्याच्या डोक्यात कधीचा घोळत होता. त्यासाठी सात फुटी सागाच्या फळ्या त्याने वीस वर्षं माळ्यावर सुकवत ठेवल्या होत्या. सात फुटी फळी एका माणसाचं काम नाही. सहाव्या दिवशी त्याने डोमाला बोलावलं.

डोमा कवडूपेक्षा दोन वर्षांनी लहान. उंच, वाळलेला, चालताना कंबरेतून थोडा वाकायचा. सातवीपर्यंत शिकलेला, त्यामुळे वाचायला कवडूहून चपळ. दोघं बल्लारपूरच्या लाकडं चिरायच्या एका आरामशीनवर पोरसवदा लागले तेव्हापासून त्यांची जोडी. कवडू या टोकाने फळी ढकलणार, डोमा पलीकडच्या टोकाने ओढणार. आरामशीनवरचा रिवाजच तसा होता. ढकलतो तो मिस्त्री, ओढतो तो हेल्पर. टोकं एकदा ठरली की जन्मभर ठरली. आरामशीन बंद पडून जमाना झाला, तरी डोमा शेडमध्ये शिरला की न सांगता मशीनच्या पलीकडे जाऊन उभा राहायचा.

"हे का तुझं देवाचं मशीन?" डोमा पडद्यात डोकावला. "माह्या बी हाताचं भविष्य पाह्यते का?"

"तुह्या हातात पाह्यन्यासारखं काय हाय लेका? ओढ फक्त."

फळी सरकू लागली. सागाचा भुसा उडाला आणि त्याचा तो कडवट, तेलकट वास शेडभर पसरला. त्या वासाने दोघंही थोडे तरुण झाले. आरामशीनवर बारा वाजता भोंगा व्हायचा, भुशाच्या ढिगावर बसून सगळे डबे उघडायचे, डोमा प्रत्येकाच्या डब्यातलं पहिलं वांगं उचलायचा. कवडूला हे सगळं आठवत होतं आणि फळी पुढे जात होती. सहा फूट झाली. शेवटची वीत राहिली.

धप्.

पातं गडप झालं. थांबल्यावर मशीन एक काम करायचं. जे घडणार होतं आणि घडलं नाही, ते पडद्यावर सावकाश दाखवायचं. दोघांनी पाहिलं. हिरवी फळी एकाएकी पुढे उसळली. तिच्यावर भार टाकलेला हात तिच्यामागे झोकांडला. फिक्या रेषेची दोन बोटं आधी पात्यावर गेली. खाली अक्षरं उमटली. कवडू एकेक अक्षर जुळवेपर्यंत डोमाने पलीकडून वाचलंही होतं.

'कारण: पलीकडून अचानक हिसका.'

"मशीनले काय समजते," कवडू घाईने म्हणाला. "गाठ असन फळीत. पुन्हा लाव."

पुन्हा लावली, दुसरी फळी. पुन्हा शेवटच्या वितीला धप्. पडद्यावर तेच चित्र, तेच शब्द. आठ थांबे झाले.

डोमाने फळी हळूच खाली ठेवली. पँटवरचा भुसा झटकला. "येतो मिस्त्री," म्हणाला आणि निघून गेला. त्याचा चहा कपात तसाच राहिला.

कवडू स्टुलावर बसून राहिला. 'गाठ' हा शब्द सबब म्हणून त्याने आयुष्यात आज दुसऱ्यांदा वापरला होता. पहिल्यांदा वापरला तो नव्याण्णव सालच्या मे महिन्यात. आरामशीनवर शेवटची वीत राहिली असताना पलीकडून हिसका बसला, फळी उसळली, हात गेला. मालक धावत आला आणि विचारलं, कसं झालं. कवडूने रक्ताने भरलेला हात दुपट्ट्यात धरून सांगितलं, "गाठ आली आडवी." डोमाचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. रोजंदारीवर होता. खरं सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी त्याला काढलं असतं, आणि मिस्त्रीची बोटं घालवणाऱ्याला गावात दुसऱ्या कुणी पात्याजवळ उभं केलं नसतं.

ही गोष्ट कवडूने सुमनलाही सांगितली नव्हती. मनातल्या मनात त्याने डोमाला माफ करून टाकलं होतं. आणि खरं बोलायचं तर त्या माफीचं त्याला थोडं सुखही होतं. सणासुदीला डोमा पाया पडायला वाकला की वाटायचं, याला काय माहीत, आपण याच्यासाठी काय गिळलंय.

डोमा दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. एवढ्या वर्षांत त्याच्या तापामुळे किंवा कवडूच्या तापामुळे सोडून असा खाडा पडला नव्हता.

प्रणालीचा फोन आला. मशीनचे थांबे तिला घरबसल्या दिसत होते. "बाबा, अश्लेषाशी बोलले मी. मशीनची तक्रार तुमच्याबद्दल नाहीच आहे. पलीकडच्या माणसाबद्दल आहे. ते म्हणतात, रुळांचा जोड बसवून देतो. फळी आपोआप एका चालीने ओढली जाते. दुसरा माणूस लागतच नाही."

"दुसरा मानूस लागत नाही," कवडू तिच्यामागून म्हणाला.

"परवाना नक्की मिळेल. डोमाकाकांनाही या वयात त्रास कशाला? चहाला येतीलच की."

"तो चहासाठी येत नाही, बाई."

"मग कशासाठी येतात?"

फोन ठेवल्यावर त्याने चपला घातल्या आणि भर दुपारी डोमाच्या घरी गेला.

डोमा पुढच्या खोलीत खाटेवर बसून होता. डोमाच्या बायकोने पाणी दिलं आणि दोघांच्या तोंडाकडे पाहून ती आत गेली.

"काहून आला नाही?"

"मशीननं नाव घेतलं ना माहं."

"मशीन पोट्टं हाय. काल जन्मलं. त्याचं काय मनावर घेतं?"

"खोटं थोडीच बोलते ते." डोमाने मान वर करून भिंतीकडे दाखवलं. भिंतीवर सागाची जुनी फळी ठोकलेली होती, तिच्यावर पितळेचे डबे ओळीने मांडलेले. "हे पाह्य. ओळखू येते?"

कवडूने पाहिलं. त्याला ओळखू आली नाही.

"त्या दिवसाची फळी हाय. मालक जाळाले देऊन राह्यला होता, मी मागून घेतली. घरी आनून पालथी केली, उताणी केली, उन्हात धरली. गाठ नव्हती, मिस्त्री. सुईच्या टोकाएवढी नव्हती."

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला.

"तुले तवापासून मालूम हाय?"

"हाव."

"मंग बोलला काहून नाही?"

"तू गाठ म्हनला. म्या म्हटलं, मिस्त्री गाठ म्हनते तं गाठ. रोज येतो ना मी तुह्याकडे. दुसरं काय करू सांग."

कवडूला वाटलं होतं की आपण काहीतरी गिळून बसलो आहोत. हा माणूस तेच रोज डोळ्यांसमोर टांगून, त्याच्यावर डबे मांडून जगत होता.

"उद्या ये," शेवटी कवडू म्हणाला. "टोकं बदलू. तू ढकल. मी ओढतो."

डोमा त्याच्याकडे पाहतच राहिला. "मी ढकलू?"

"तुही पाचही बोटं जाग्यावर हायेत. मशीनले पाच बोटं समजतात. अन् ओढनाऱ्याले पात्याजवळ जावं लागत नाही. हिसका देनारा तू तिकडे नसला म्हंजे झालं."

"एवढ्या वर्सानं प्रमोशन," डोमा म्हणाला. "अन् तेही मेहेरबानीनं."

"घेतं का नाही?"

"घेतो ना. सोडतो काय."

दुसऱ्या दिवशी दहाला डोमा आला. धुतलेला शर्ट घालून आला होता. सवयीने पलीकडे जायला निघाला, मधेच थबकला आणि वळून ढकलायच्या टोकाला आला. त्या जागी उभं राहून त्याने टेबलावरून एकदा हात फिरवला. कवडू पलीकडे गेला. शेड तीच, मशीन तेच, पण त्या बाजूने सगळं अनोळखी दिसत होतं. भुसा थेट तोंडावर येत होता. पातं आपल्याकडे चाल करून येतंय असं वाटत होतं. इतकी वर्षं डोमाने हे पाहिलं.

"चालू," डोमाने हाक दिली.

फळी आली. कवडूने टोक धरलं आणि तो एकसारखा ओढत गेला. चार फूट. पाच फूट. डोमाचा हात शांत होता, मिस्त्रीला शोभेल असा. सहाव्या फुटाला कवडूच्या हाताला काहीतरी वेगळं लागलं. फळी जड झाली. चिरलेले दोन भाग मागे उघडण्याऐवजी एकमेकांकडे ओढले जात होते, पात्यामागच्या लोखंडी पट्टीला दोन्हीकडून आवळत होते. जुन्या सागाच्या अंगात ताण असतो. चिरला की तो मोकळा होतो आणि लाकूड मिटतं. कवडूने जोर लावला. फळी हलेना. समोरून डोमाही अंगाचा भार टाकून ढकलत होता. आणखी जोर लावला. शेवटची वीत राहिली, फळी एकदम सुटली आणि कवडूच्या हातून हिसका बसला.

धप्.

पडद्यावर डोमाचा हिरवा हात पात्याकडे झोकांडला. पाचही बोटं ठळक रेषेची. खाली अक्षरं आली. ती वाचायला कवडूला या वेळी वेळ लागला नाही.

नऊ थांबे झाले होते. पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो हातातल्या फळीकडे पाहत होता.

"डोमा. हे आवळते रे इकडून."

"आवळतेच."

"दर वक्ती?"

"साग असला तं दर वक्ती. शेवटच्या वितीला सोडते, मंग हिसका बसते. न ओढावं तं लाकूड जळते, ओढावं तं असं होते."

"अन् तू मले कधी सांगतलं नाही."

"मिस्त्रीले कोन सांगते?" डोमाने शांतपणे पडद्याकडे पाहिलं. "पाचर मारली की आवळत नाही. मशीन बंद कराचं, चिरेत पाचर ठोकाची, मंग पुढं. त्या दिवशी म्या हात वर केला होता. पाचर, पाचर म्हनून दोनदा वरडलो. आरामशीनचा आवाज केवढा. तुले ऐकू नसन गेलं."

कवडूने डोळे मिटले. मे महिन्याचं ते ऊन त्याच्यासमोर उभं राहिलं. भोंग्याला पाच मिनिटं होती. मालक दारात उभा होता आणि बल्लारपुरात कवडूच्या हाताचा वेग कुणाला नाही, असं आठच दिवसांपूर्वी चारचौघांत म्हणाला होता. पाचरीसाठी मशीन थांबवलं की लय तुटते. समोर डोमाचा हात वर होता. कवडूला तो दिसला होता. त्याने मानेने खूण केली होती, चालू दे.

"गेलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"ऐकू गेलं होतं मले. हातही दिसला होता. म्याच चालू दे म्हनलं."

डोमाने खिशातून रुमाल काढला आणि तो चष्मा पुसत राहिला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. मग त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, भिंतीला टेकवलेली पुढची फळी आणली आणि टेबलावर ठेवली.

"एकच चुकी माफ हाय ना आता?"

"एकही नाही. हे थांबलं की शेड गेली."

"मंग नीट धर तिकडून."

मशीन सुरू झालं. फळी सरकू लागली. एक फूट, दोन फूट, चार. पाचव्या फुटाला कवडूच्या हाताला ते जडपण जाणवू लागलं. त्याने ओढणं सैल केलं आणि उजवा हात वर केला. आवाजात तोंडाने काही बोलला नाही. डोमाने पाहिलं. त्याने फळी जिथल्या तिथे दाबून धरली, गुडघ्याने बटण दाबलं, आणि पातं आपलं आपण, कुणी न भिववता, हळूच टेबलाच्या पोटात उतरलं.

शेड शांत झाली.

"पाचर मार," डोमा म्हणाला, मिस्त्रीच्या आवाजात.

कवडूने खाली पडलेला सागाचा तुकडा उचलला, वाकसाने दोन घावांत त्याला धार काढली आणि तीन बोटांच्या चिमटीत धरून चिरेत ठोकला. फळी उघडली.